अध्यक्षांना उठता येत नाही

आमच्या इंदापूरकडच्या घरात औषधांचे दोन डबे होते, एक जनावरांचा आणि एक माणसांचा. जनावरांच्या डब्याची शिस्त कडक होती. कुठलं औषध गाभण म्हशीला चालत नाही, कुठलं दिल्यावर दूध डेअरीला घालायचं नाही, मोठ्या जनावराचं औषध वासराला अर्धं करूनसुद्धा का द्यायचं नाही, हे घरातल्या शेंबड्या पोरालाही पाठ होतं. माणसांच्या डब्याला असा कोणी वाली नव्हता. तो बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा होता. त्यात अर्ध्या कापलेल्या पट्ट्या असायच्या आणि औषधाचं नाव नेमकं कापून गेलेल्या बाजूला असायचं. काकू गोळ्या रंगावरून ओळखायची. पिवळी अंगदुखीची, मोठी पांढरी तापाची, आणि बारकी पांढरी विचारून घ्यायची. कोणाला विचारायचं, ते ठरलेलं नव्हतं.

पोट बिघडण्यातही आमच्याकडं मानपान होता. लहान पोराला हगवण लागायची, बायकांना ढाळ व्हायचे, कर्त्या पुरुषाच्या पोटात जरा गडबड असायची, आणि स्टेजवर बसणाऱ्या माणसाची प्रकृती ठीक नसायची. उपाय सगळ्यांना एकच. काकू सहाणेवर जायफळ उगाळायची, वाळवून ठेवलेली डाळिंबाची साल उकळायची आणि तांदळाच्या पेजेत चिमूटभर मीठ टाकून वाटी हातात द्यायची. त्यातल्या पेजेवर माझा आजही विश्वास आहे आणि जायफळावर प्रेम. पोटात कळ आली की अजून मला आधी सहाणेचा आवाज ऐकू येतो, मग डॉक्टर आठवतो.

तात्या म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. माझं लहानपण त्यांच्याकडं गेलं आणि पुढं बारामतीत नोकरी लागल्यावरही सुट्टीला पाय तिकडंच वळायचे. उजनी धरणाच्या फुगवट्याच्या कडेला त्यांचं रान होतं. वरच्या अंगाला ऊस, मधे थोडं डाळिंब, आणि खालच्या अंगाला एक तुकडा, ज्याला अति पाण्यानं मीठ फुटलं होतं आणि ज्याचा विषय जेवताना काढायचा नाही असा घरात अलिखित नियम होता.

तात्यांना सार्वजनिक जीवनाची आवड होती, पण सार्वजनिक जीवनानं त्यांना आयुष्यभर आभार मानायला ठेवलं होतं. गावात कुठलाही कार्यक्रम असो, कार्यक्रमपत्रिकेत सगळ्यांत खाली, बारीक अक्षरात, आभारप्रदर्शनापुढं त्यांचं नाव. ज्यांनी असा कार्यक्रम शेवटपर्यंत पाहिला आहे त्यांना (असे लोक थोडे) ठाऊक असेल की आभार मानणारा माणूस उभा राहतो तेव्हा अर्धी माणसं चपला शोधत असतात, पाहुणे गाडीत बसलेले असतात आणि मंडपवाला एका टोकाकडून सतरंजी गुंडाळायला लागलेला असतो. तात्या सतरंजीच्या दुसऱ्या टोकावर उभे राहून मंडपवाल्याचेही आभार मानायचे, आणि तो मान न वळवता “हां, हां” म्हणायचा. तरीही ते कोणाला वगळायचे नाहीत. पाण्याचा टँकर देणारा, लाइटवाला, रांगोळी काढणाऱ्या पोरी, सगळे यायचे. लहानपणी मला त्यांची लाज वाटायची. आता वाटतं, त्या मंडपात खरं बोलणारे बहुधा तेवढेच एक असत.

तर अशा तात्यांना एका उन्हाळ्यात अध्यक्षपद मिळालं. पलीकडच्या गावच्या शाळेला नवीन सभागृह बांधलं होतं, त्याच्या उद्घाटनाचं. शाळा चालवणाऱ्या मंडळींत दोन गट होते आणि एकाला दुसऱ्याचा अध्यक्ष चालेना. तात्यांना कोणाचा विरोध नव्हता, कारण त्यांच्याकडं कोणी कधी नीट पाहिलंच नव्हतं. पत्रिका घरी आली तेव्हा त्यांनी ती आधी सवयीनं खालून वाचायला घेतली. आपलं नाव तिथं सापडेना म्हणून क्षणभर त्यांचा चेहरा पडला. मग ते वर वर सरकत गेले. वर, ठळक टाइपात, फोटोसकट होते.

अध्यक्षानं घरोघर जाऊन आमंत्रण द्यायचं नसतं, त्याला माणसं असतात. पण तात्यांना ते कळायला उशीर झाला होता. मोटारसायकलवर ते स्वतः पत्रिका वाटत फिरले. उन्हातून दारात आलेल्या माणसाच्या हातावर आमच्याकडं गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या ठेवतात, आणि तो नाकारणं म्हणजे घर नाकारणं. तात्यांनी एकही घर नाकारलं नाही. माठाचं, टाकीचं, बोअरचं, टँकरचं, मिळेल ते पाणी ते प्याले. त्या दिवसांत धरण इतकं खाली गेलं होतं की पळसदेवचं बुडालेलं देऊळ पुरतं उघडं पडलं होतं. अशा वेळी तळाला कुठलं पाणी उरतं आणि ते कुठल्या पाइपातून कुठं येतं, हे विचारण्याची आमच्याकडं पद्धत नाही.

कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी मी बारामतीहून पोचले तेव्हा काकू सहाणेपाशी बसली होती. मी काही विचारायच्या आत म्हणाली, “अध्यक्षांची परकृती ठीक न्हाय.”

सकाळी तात्या अंगणातून परसात आणि परसातून अंगणात असे येत-जात होते, हातात रिकामं टमरेल, अंगावर कोरं धोतर. चेहरा उतरला होता. मी कपाळाला हात लावला तर चांगलंच तापलेलं.

“तात्या, ताप आहे तुम्हाला.”

“उनाचं असतंय. उन्हाळ्यात काय अंग गार लागंल व्हय?”

काकूनं विचारलं, “आवं, लाल पडतंय का काय?”

“तुला काय करायचंय बघून? पंचनामा करतीस का?”

“मला न्हाय करायचा. डाक्टर करंल. आधी इंदापूरला जाऊ, मग जावा कुठं जायाचं ते.”

“आज?” तात्या असे बोलले की जणू तिनं लग्नाच्या मुहूर्तावर नवरदेवाला दाढ काढायला बोलावलं होतं. “फोटो छापलाय माझा. फोटो!”

त्यांची खरी अडचण वेगळी होती, आणि ती मला दादानं सांगितली. दादा म्हणजे तात्यांचा मुलगा, माझा चुलतभाऊ. बारामती एमआयडीसीत कामाला होता. सभागृह बांधलं होतं, स्टेज बांधलं होतं, देणगीदारांच्या नावांची संगमरवरी फरशी भिंतीत बसवली होती. संडास मात्र दुसऱ्या टप्प्यात होता. ज्याला जायचं त्यानं स्टेजवरून उतरायचं, सगळ्या खुर्च्यांमधून चालत दारापर्यंत यायचं आणि समोरच्या मोकळ्या रानातून वेड्या बाभळी गाठायच्या. फेटा बांधून.

“आणि अध्यक्षांना उठता येत नाही,” दादा म्हणाला. “अध्यक्षीय भाषण शेवटी असतंय. पाहुणे आले, बोलले, गेले, तरी अध्यक्ष बसलेलाच पायजे.”

दादानं पाकिटातून गोळ्यांची पट्टी काढली. कारखान्यात चालू लाइन सोडून सारखं उठता येत नाही, म्हणून त्याच्या पाळीतल्या बऱ्याच जणांच्या खिशात ती असायची. जुलाब थांबवायची गोळी. “एक घ्या तात्या. अर्ध्या तासात बंद.” तात्यांनी पट्टी हातात घेतली, एक गोळी काढली आणि उरलेली पट्टी परत देण्याऐवजी जाकिटाच्या खिशात ठेवली. मोठी माणसं घेतलेली वस्तू परत देत नाहीत, हे अध्यक्षपदासोबत आलं असावं.

काकूनं आरोग्य केंद्रातून आणलेलं जलसंजीवनीचं पाकीट शोधून काढलं आणि अख्खं पाकीट एका पेल्यात कालवून पुढं केलं. आमच्याकडं कुठलीही गोष्ट जास्त घातली की जास्त लागू पडते असा समज आहे. उसाला खत, चहाला साखर, भाषणाला विशेषणं. तात्यांनी एक घोट घेतला आणि अंगणात थुंकला.

“हे काय, खताचं पाणी हाय का? नको मला. आन् आता पाणीच नको. आत गेलं तरच भाईर येतंय न्हवं?”

पण रोजची रक्तदाबाची गोळी त्यांनी इमानानं घेतली. डॉक्टरनं ती कधी चुकवू नका म्हणून सांगितलं होतं, आणि आज्ञापालनात तात्या पक्के होते, फक्त आज्ञा निवडून घ्यायचे. त्या गोळीनं लघवी जास्त होते, अंगातलं पाणी आधीच कमी झालेलं असताना ती चालू ठेवायची का हे विचारावं लागतं, ही गोष्ट आम्हाला कोणालाच माहीत नव्हती.

गाडीत बसताना काकूनं देवाकडं हात जोडले. आमचं कुलदैवत नरसिंहपूरचा नरसिंह. “यांना नीट घरी आन रं बाबा,” एवढंच म्हणाली. समारंभाबद्दल एक शब्द नाही.

सभागृहात आम्ही बायकांच्या बाजूला बसलो. स्टेजवर तात्या मधल्या उंच खुर्चीत. गुलाबी फेटा, पांढरं जाकीट, आणि फेट्याखाली चेहरा जुन्या पितळेसारखा. पाहुणे येणार होते अकराला. बाराला ‘निघाले’ असा निरोप आला. आमच्याकडं ‘निघाले’ म्हणजे अंघोळीला गेले. तोवर दीपप्रज्वलन उरकलं, स्वागतगीत झालं, मग दुसरं स्वागतगीत झालं, मग तिसरीच्या पोरींनी नाच केला, आणि पाहुणे आलेच नाहीत म्हटल्यावर तोच नाच पुन्हा केला. सूत्रसंचालक प्रत्येक वेळी तात्यांना ‘व्यासपीठावरील वटवृक्ष’ म्हणत होता. वटवृक्ष दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर घट्ट धरून बसला होता.

आमच्या शेजारची एक बाई काकूला म्हणाली, “लई शांत बसल्यात हो तात्या. शोभून दिसतंय.”

“शांत न्हाईत ते. कळ सोसत्यात.”

“अगं बया. मग उठत का न्हाईत?”

“खुर्ची सोडवंना.”

ती बाई पदरात तोंड घालून हसली. काकू हसली नाही. तिची नजर तात्यांच्या ओठांवर होती. समोर पाण्याची सीलबंद बाटली होती, अध्यक्षांच्या नावाची पाटी तिला टेकवून ठेवलेली. काकू खालून अंगठा तोंडाला लावून प्या, प्या म्हणून खुणा करत होती. तात्या दुसरीकडं बघत. एकदा त्यांचा हात जाकिटाच्या खिशात गेला आणि तोंडाशी आला. बडीशेप असेल असं मला वाटलं. जाकिटाची मधली बटणं ताणली होती. घरून निघताना ती ताणलेली नव्हती. दोन दिवस काही न खाल्लेल्या माणसाचं पोट फुगलं होतं.

काकू माझ्या कानाशी आली. “म्हशीचं पोट असं तट्ट झालं असतं तर आत्तापातूर डाक्टर आनला असता आमी.”

मी उठून स्टेजच्या कडेला गेले आणि सूत्रसंचालकाला सांगितलं की अध्यक्षांना बरं नाही, त्यांना मोकळं करा. तो घाबरला. “ताई, पाहुणे येईपर्यंत अध्यक्ष नाही म्हणजे कार्यक्रमच नाही हो. मी असं करतो, त्यांनाच दोन शब्द बोलायला सांगतो. भाषण आधी झालं की मग बघू.” आणि त्यानं माइकवर जाहीर करूनही टाकलं.

तात्या उठले. टेबलाचा आधार घेत माइकपाशी आले. अध्यक्षीय भाषण त्यांनी आठवडाभर गोठ्यात म्हशींसमोर म्हणून पाहिलं होतं. शिक्षणाचं महत्त्व होतं त्यात, गावाचा इतिहास होता. त्यांनी घसा खाकरला, पण जीभ टाळ्याला चिकटत होती. समोरच्या माणसांकडं त्यांनी पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि तापानं आणि सवयीनं मिळून त्यांना नेलं तिथं ते गेले.

“या ठिकाणी,” तात्या म्हणाले, “ज्यांनी मंडप दिला, त्यांचे आभार. ज्यांनी लाइट दिली, त्यांचे आभार. पोरींनी दोन येळा नाच केला, त्यांचे…”

पहिल्यांदा मागच्या रांगेतली म्हातारी माणसं उठली. मग खुर्च्या सरकल्याचा आवाज पुढं पुढं येत गेला. ते शब्द आणि तो सूर ऐकला की उठायचं, हे त्या अख्ख्या पंचक्रोशीच्या हाडात होतं. सूत्रसंचालक “बसून घ्या, बसून घ्या, कार्यक्रम संपलेला नाही” म्हणून ओरडत होता, आणि त्याच्या आवाजावर आवाज चढवून तात्या टँकरवाल्याचे आभार मानत होते. दारातल्या मंडपवाल्यानं सतरंजीला हात घातला. मी आजवर अनेक सभा उधळलेल्या पाहिल्या, पण इतक्या नम्रतेनं उधळलेली ती एकच.

शेवटी ते “आन् कोन ऱ्हायलं असंल तर माफी” असं म्हणाले आणि स्टेजच्या पायरीवर मटकन बसले. काकू खुर्च्यांमधून अशी गेली की तिला वाट द्यायला लोकांना वेळच मिळाला नाही. तिनं फेटा उतरवला, स्वतःच्या पदरानं त्यांचं डोकं पुसलं आणि दादाला म्हणाली, “गाडी दाराला लाव.”

इंदापूरच्या वाटेवर, फाट्यापाशी, समोरून पाहुण्यांच्या गाड्या आल्या. एकामागं एक, पांढऱ्या, काचा वर. तात्या मागच्या सीटवर काकूच्या खांद्यावर डोकं टाकून होते. तशातही त्यांनी हात जोडले. गाड्या धूळ उडवत निघून गेल्या. कशाकडं चालल्या होत्या ते मला आणि दादाला माहीत होतं. आम्ही एकमेकांकडं पाहिलं नाही, हसू आलं असतं, आणि हसायची ती वेळ नव्हती.

डॉक्टरीणबाई मध्यमवयीन होत्या आणि कमी बोलायच्या. त्यांनी पोटाला हात लावला, कानात नळी घालून पोटाचा आवाज ऐकला, पुन्हा ऐकला, आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला. त्यांनी विचारलं, “शौचाला रक्त?” तात्यांनी काकूकडं पाहिलं आणि मान हलवली. होय. काल संध्याकाळपासून.

“जुलाब थांबवायला काही घेतलं?”

“एक गोळी,” दादा म्हणाला.

“मी त्यांना विचारतेय. तात्या, किती?”

तात्यांनी डोळे मिटून आठवायला सुरुवात केली. “घरून निघताना एक. दीपप्रज्वलनाला एक. पयल्या स्वागतगीताला एक. दुसऱ्या गीताला… न्हाय, तवा घेतली न्हाय. पोरींच्या नाचाला एक. दुसऱ्या नाचाला एक.”

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. “आणि पुढं पत्रिकेत काय काय होतं?”

“शाल-श्रीफळ. पाहुण्यांचं मनोगत. मग अध्यक्षीय.”

“म्हणजे पाहुणे वेळेवर आले असते तर अख्खी पट्टी संपवली असती तुम्ही.”

त्यांनी सलाइन लावायला सांगितलं, हृदयाचा आलेख काढला, पोटाचा फोटो काढायला पाठवलं, रक्त घेतलं. “रक्तदाबाची गोळी मी सांगेपर्यंत बंद,” म्हणाल्या, “मनानं पुन्हा सुरूही करायची नाही.” दादाचा चेहरा पाहून त्याला बाहेर घेऊन आल्या. मी सोबत होते.

“गोळी वाईट नाही,” त्या म्हणाल्या. “धडधाकट मोठ्या माणसाला साधे जुलाब झाले, ताप नाही, रक्त नाही, प्रवासाला निघायचंय, तर पाकिटावर लिहिलंय तेवढी घ्यावी. ताप असला, रक्त असलं, तर घ्यायची नाही. लहान पोरांना तर आपल्या मनानं कधीच द्यायची नाही. आतड्याला जे बाहेर टाकायचं असतं ते आत कोंडलं जातं. आणि जास्त घेतली तर हृदयावर येतं.”

“वाचतील ना?” दादानं विचारलं.

“आतडं हललं पाहिजे. आणि लघवी झाली पाहिजे. सकाळपासून झालेली नाही म्हणतात. किडनीला पाणी पोचलंय का ते त्यावरून कळेल. झाली की लगेच मला सांगा.”

नंतर त्या पुन्हा खाटेपाशी गेल्या तेव्हा तात्या तक्रार करत होते. “बंद झालं हुतं की बाई. थेंब न्हाय. मग गोळी लागूच पडली म्हनायची.”

“शेती करता ना? धरणाच्या कडेचं रान मीठ फुटून चोपण का होतं?”

तात्यांनी छताकडं पाहिलं. जेवताना निघत नसलेला विषय दवाखान्यात निघाला होता. “निचरा न्हाय म्हनून.”

“मग?”

तात्या काकूकडं वळले. हळूच म्हणाले, “बाईंचं म्हायेर बागायती असनार.”

काकूला बाईंनी जलसंजीवनी करायला शिकवली. ते पाकीट एक लिटर पाण्याचं होतं. उकळून गार केलेलं पाणी, मोजून एक लिटर, त्यात अख्खं पाकीट. ना कमी पाण्यात, ना अर्धं पाकीट. चमच्या-चमच्यानं द्यायचं, आणि केलेलं दुसऱ्या दिवशी ओतून द्यायचं. पेल्यात केलं तर मीठ जास्त होऊन उलट अपाय होतो. काकू ऐकून थक्क झाली. “म्हंजी पातळच असतंय व्हय ते! मला वाटलं पातळ म्हंजी सरकारी.”

ती दुपार फार लांबली. सलाइनचे थेंब पडत होते आणि आम्ही तिघं ते बघत होतो. मी तेव्हापर्यंत पुष्कळ पुस्तकं वाचली होती, पण एका माणसाच्या लघवीची वाट बघण्यात किती भाव मावतो हे कुठं वाचलं नव्हतं. काकू मधूनच विचारायची, “आली का भावना?” तात्या डोळे मिटूनच म्हणायचे, “न्हाय. सांगतो म्हनलं न्हवं.” दादा पायथ्याशी उभा होता, ड्यूटीवर उभा असल्यासारखा. संध्याकाळी पोट थोडं मऊ पडलं. बाईंनी पुन्हा नळी लावून ऐकलं आणि पहिल्यांदा “हां” म्हणाल्या.

तात्या पुढं पुष्कळ वर्षं जगले. काकूनं जनावरांच्या डब्याची शिस्त माणसांच्या डब्याला लावली. पट्टी कापताना नावाची बाजू ठेवायची, कुणाचं उरलेलं औषध कुणी घ्यायचं नाही, आणि ताप किंवा लाल दिसलं की जायफळ नाही, गाडी. सहाण मात्र तिनं काढून टाकली नाही. मलाही ते नको होतं. दोघंही आता नाहीत. त्या सभागृहाचा दुसरा टप्पा झाला, मी मुद्दाम जाऊन पाहिला. दारावर त्याच्याही देणगीदाराचं नाव आहे.

पण त्या दिवशी संध्याकाळी हे काहीच माहीत नव्हतं. दिवे लागायच्या सुमाराला खोलीच्या दारात चपलांचा मोठा आवाज झाला. शाळेचे मुख्याध्यापक, दोन्ही गटांचे पुढारी, सूत्रसंचालक आणि एक फोटोवाला असे सगळे आत आले. पाहुण्यांनी रिकाम्या खुर्चीचा सत्कार करायला नकार दिला होता, म्हणून शाल-श्रीफळ तसंच राहिलं होतं. त्यांना त्याचं ओझं झालं होतं, आणि बहुधा तात्यांबद्दल धास्तीही वाटत होती. दोन्ही गट पहिल्यांदाच एका रांगेत उभे राहिलेले मी पाहिले, कारण खोली अरुंद होती.

काकू म्हणाली, “आवं, आत्ता कशाला? माणूस आजारी हाय.”

“दोनच मिनिटं, काकू,” सूत्रसंचालक म्हणाला आणि त्यानं घसा साफ केला. “आज या ठिकाणी, आपल्या परिसराचा वटवृक्ष…”

तात्यांना उशीला टेकवून बसवलं होतं. शाल खांद्यावर पडली. नारळ हातात आला. फोटोवाल्यानं “इकडं बघा” म्हटलं. दोन्ही पुढाऱ्यांनी तात्यांच्या दोन्ही बाजूंनी मान पुढं काढली. तात्यांनी कॅमेऱ्याकडं पाहिलं, मग त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं आणि ते आतल्या आत काही ऐकू लागल्यासारखे स्थिर झाले.

“थांबा,” ते म्हणाले. “मला उठायचंय.”

“एकच फोटो, तात्या…”

“आरं उठायचंय म्हनतो न्हवं!”

नारळ त्यांनी एका पुढाऱ्याच्या हातात दिला. दादानं एक हात धरला, मी सलाइनची बाटली उंच धरली, आणि सगळी मंडळी भिंतीला चिकटून उभी राहिली. अध्यक्ष, खांद्यावर शाल, त्यांच्या मधून एकेक पाऊल टाकत कोपऱ्यातल्या दाराकडं गेले. दार लोटलं. सलाइनची नळी फटीतून आत आणि मी बाटली घेऊन बाहेर. सूत्रसंचालकाचं वाक्य अर्धवट राहिलं होतं आणि त्याला ते पुरं करायचं सुचेना.

काकूनं दाराला कान लावला. थोडा वेळ गेला. मग ती वळली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडभर हसू. एवढ्या सगळ्या मान्यवरांसमोर, पदर नीट न करता, ती मोठ्यानं म्हणाली, “झाली!”

आतून तात्यांचा आवाज आला, दमलेला, पण ओळखीचा. “आगं, वरडतीस काय? जा, बाईंना सांग जा.”